अक्काचा पाटा

...आणि आता पोरगा म्हणतो, आबा, हॉटेलांचा इतिहास सांगा, मेन्यूकार्डाच्या मागे छापू! इतिहास कसला? सन १९८३, मार्गशीर्ष, भरिताच्या वांग्यांचे दिवस. जळगावात पहिलं हॉटेल काढलं आणि धुळ्याच्या मोठ्या बहिणीकडून, द्रौपदाअक्काकडून, चार दिवसांसाठी पाटा-वरवंटा आणला. झाला इतिहास!

चार दिवस कसले... त्या पाट्यावर खोबरं-कांदा वाटला की शेवभाजीला काय तर्री यायची, तुम्हाला सांगतो, भुसावळचे रेल्वेवाले गाडी धरून जेवायला यायचे! म्हणून अठ्ठ्याऐंशीला भुसावळात दुसरं काढलं. फॅमिली रूम, पडदे, सगळं! आणि चव? चव जळगावातच राहिली! नवा पाटा आणला, तर गिऱ्हाईक विचारतं, "चिंधाभाऊ, भाजीत वाळू कधीपासून टाकता?" मग काय, अक्काचाच पाटा मांडीवर घेऊन मी एसटीने जळगाव-भुसावळ, भुसावळ-जळगाव... कंडक्टर म्हणतो, "भाऊ, लेकराचं अर्धं तिकीट काढा!" मी हसलो नाही.

आणि लग्न असो, बारसं असो, भर पंगतीत अक्काचा अहिराणीत आवाज, "चिंधा, मना पाटा कोठे शे?"

"देतो, अक्का."

देतो कसा? पाटा गेला की चव गेली, चव गेली की दोन्ही हॉटेलं गेली!

चौऱ्याण्णवला तिसरं हॉटेल, धुळ्यात. अक्काच्याच गावात! उद्घाटनाला मोतीलालनं, म्हणजे ह्याच पोरानं, पाटा काचेच्या पेटीत मांडला, वर हार. म्हणे, आपली परंपरा! मी पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर मोतीलालला म्हटलं, "मिक्सर मागत होतास ना? ही बघ पाट्याची चव!"

तेवढ्यात दारातून, "चिंधा, मना पाटा कोठे शे?"

मी पेटी दाखवली. अक्कानं काच सरकवली, वाकून वास घेतला.

"याले तं लसूणना वासबी नही. मंग मसाला कशावर वाटा?"

मोतीलाल खाली बघतोय. "मिक्सरवर, आबा... सहा महिने झाले. दोन्हीकडे. आणि आता इथंही."

सहा महिने! अरे, मग मागच्या मंगळवारी मी एसटीत मांडीवर काय घेऊन बसलो होतो?

"तुमचा जीव रमतो, आबा, म्हणून बोललो नाही..."

बरं. हार काढला, पाटा उचलला, अक्काच्या रिक्षात नेऊन ठेवला. छाप म्हणावं कार्डावर: पाटा दिला. वरवंटाही दिला.