भिंतीपाशी पोहे

(१९९७ साल. तुर्भ्यातली जुनी वखार. एका क्लबनं आत फळ्यांची उंच भिंत उभी केली आहे. तिला रंगीत खुंट्या बसवलेल्या, खाली जाड गाद्या. रविवारची सकाळ. पुतळाआत्या मांडीवर पोह्यांचा डबा घेऊन गादीवर ऐसपैस बसली आहे. लग्नघरातसुद्धा ती एवढ्या तोऱ्यात बसत नाही.)

पुतळाआत्या – तर मी काय म्हनते उत्कर्षे, पावनं यायच्या आत हातावरची ती पांढरी पावडर पूस. लगीन ठरवायला आलीयास, का घराला सफेदी द्यायला?

उत्कर्षा – ती नाही लावली तर हात सटकतो, आत्या. आणि त्यांना इथं मीच बोलावलंय. जे आहे ते बघू दे की.

पुतळाआत्या – बगू दे म्हनं! आगं, दोन स्थळं हातची गेली. एकानं तुजं हात बगितलं, दुसऱ्यानं ह्या भिंतीचं ऐकलं. ह्ये तिसरं बी गेलं तर दादा, तुजा बा, काय म्हनलाय ठावं हाय न्हवं? रविवारचं हितं येनं कायमचं बंद.

उत्कर्षा – म्हणूनच बोलावलं. लग्नानंतर बंद होण्यापेक्षा आजच काय ते कळलेलं बरं. टेन्शन तर मलापण आलंय.

पुतळाआत्या – घरी बगायला आलं तवा कशी शानी पोर हुतीस! कपबशी दिलीस, की हात पदराखाली.

उत्कर्षा – आईनं दम दिला होता. नंतर इतकी लाज वाटली मला! हातांची नाही, लपवल्याची.

पुतळाआत्या – गप, आलं बग. या, या, उदयसिंह! हितंच बसा गादीवर. पोहं खावा.

उदयसिंह – नमस्कार आत्या. जरा उशीर झाला. वखार सापडेना. शेवटी चहावाल्यानं दाखवली. म्हणाला, पोरं भिंतीला लोंबकळतात तीच ना?

उत्कर्षा – तीच. खरा कातळ आम्ही खारघरच्या डोंगरात चढतो. इथं फक्त सराव. दोर नसतो, म्हणून गाद्या. सुटला हात की धपकन खाली.

उदयसिंह – चढून दाखवता का?

पुतळाआत्या – आवं, आदी पोहं तरी...

उत्कर्षा – ओढणी धर जरा, आत्या.

उदयसिंह – आयला! सरसर वर गेल्या की! माफ करा आत्या, तोंडातून गेलं.

पुतळाआत्या – म्हना, म्हना. मी पयल्यांदा बगितलं तवा मी बी त्येच म्हनले.

उत्कर्षा – ही वरची पिवळी खुंटी शेवटची. ती दोन्ही हातांनी धरली की झालं. थांबा, उतरते. हं, आता तुम्ही.

उदयसिंह – मी? बघू. कंपनीत दिवसभर मशीनवर असतो, दंडात जोर आहे तसा.

उत्कर्षा – पायांवर उभे राहा! हातांनी ओढू नका!

उदयसिंह – जमतंय की... आई गं!

पुतळाआत्या – पडला! पावना पडला! ह्येच्या आईला काय तोंड दाखवू आता मी?

उदयसिंह – काही नाही झालं, आत्या. तळव्याची सालटी तेवढी निघाली.

उत्कर्षा – बघू. पहिल्या दिवशी माझीही निघाली होती. मग घट्टे पडतात. हे बघा. त्या दिवशी घरी मी पदराखाली लपवले होते.

उदयसिंह – दिसले होते.

उत्कर्षा – कधी?

उदयसिंह – कप घेताना. आईलाही दिसले. परत जाताना म्हणाली, पोरगी गुणाची आहे, पण माहेरी फार राबवतात वाटतं तिला. तू एकदा नीट बघून ये. तेवढ्यात तुमचाच निरोप आला.

पुतळाआत्या – राबवतात? आमी? आवं, ह्या बाईसायेबास्नी सकाळचा च्या बी हातात लागतुया! ह्ये पोहं कुनी केल्यात? म्या केल्यात!

उत्कर्षा – आत्या! ते सांगायचं नव्हतं ना!

पुतळाआत्या – सांगनार! आब्रूचा सवाल हाय.

उदयसिंह – मग आईला मी काय सांगू?

उत्कर्षा – खरं ते सांगा. हे हात कुणी राबवून झालेले नाहीत, माझ्या हौसेनं झालेत. आणि लग्न झालं तरी रविवारी मी इथं येणार. पटत नसेल तर आत्ताच म्हणा. मला राग नाही येणार. वाईट वाटेल, पण राग नाही येणार.

पुतळाआत्या – उत्कर्षे, आसं तोंडावर बोलत्यात व्हय?

उदयसिंह – एक मिनिट, आत्या. मघाशी पायांचं काय म्हणालात तुम्ही?

उत्कर्षा – काय?

उदयसिंह – पुन्हा चढतो. पाय कुठं ठेवायचा ते सांगा.

उत्कर्षा – त्या... त्या निळ्या खुंटीवर. टाच नाही, अंगठा. आता गुडघा सरळ करा. घाई नको. हं, आता डावा हात.

पुतळाआत्या – आगं, पावन्यास्नी आसं हुकूम सोडू नगंस!

उदयसिंह – सोडू द्या, आत्या. मघाशी ऐकलं नाही म्हणून तर पडलो.

उत्कर्षा – पिवळी राहिली फक्त!

उदयसिंह – आज राहू दे. दंडातला जोर संपला. उतरतो.

पुतळाआत्या – झाली हौस? आता तरी खावा. पार गार झालं.

उदयसिंह – द्या. वा, चव आहे तुमच्या हाताला! उत्कर्षा, एक अडचण आहे मात्र.

उत्कर्षा – बोला. मनात नका ठेवू.

उदयसिंह – खांदेश्वरहून इकडं यायला रविवारी पहिली बस फार उशिरा सुटते.

उत्कर्षा – एवढंच ना? मग पुढच्या रविवारी उशिरा या. पिवळी खुंटी कुठं पळून जात नाही.

उदयसिंह – माझं नाही म्हणत मी, तुमचं म्हणतोय. लग्नानंतर तुम्हाला तिथूनच निघावं लागेल ना.