आमची दीपा कॅमेरूनच्या बाजूने

मीनाक्षी: पडदा सगळा ओढू नका हो. थोडी फट राहू द्या, नाहीतर तिला कळेल.

राजाराम: काय कळेल? आपल्याच स्वयंपाकघरात उभं राहून आपल्याच मुलीकडे बघतोय आपण.

मीनाक्षी: नजर ठेवतोय हे कळेल. बघा, आता ती वायर मेपलच्या फांदीला बांधतेय. बर्फ पडायच्या बेतात आहे, अंगात तुमचा पार्का, मांडीवर तुमचा रेडिओ. रविवारी अकराच्या आत कधी उठली नाही ही मुलगी, आणि आज उजाडल्यापासून मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर बसलीय.

राजाराम: शॉर्टवेव्ह घरात लागत नाही, मीनाक्षी. भिंतींना बाहेरून ॲल्युमिनियम ठोकलंय आपल्या. कसोटीची कॉमेंट्री ऐकायला मीही तिथेच बसायचो.

मीनाक्षी: तुम्ही क्रिकेट ऐकायचात. ती काय ऐकतेय ते विचारलंत का?

राजाराम: विचारलं ना. फुटबॉल. इथलं ते हेल्मेट घालून खेळतात ते नव्हे, खरंखुरं पायानं खेळतात ते. वर्ल्ड कपची पात्रता फेरी चाललीय. आज कॅमेरून आणि ट्युनिशिया.

मीनाक्षी: आणि ही कोणाच्या बाजूनं?

राजाराम: कॅमेरूनच्या.

मीनाक्षी: का?

राजाराम: का म्हणजे? मॅच ऐकायची तर कोणाच्या तरी बाजूनं असावंच लागतं.

मीनाक्षी: आज अमेरिकेचीही मॅच आहे. पेपरात वाचलं मी, त्रिनिदादला आहे. जिंकले तर चाळीस वर्षांनी वर्ल्ड कपला जाणार. ओहायोत जन्मलेली मुलगी, तिला अमेरिकेचं काही पडलेलं नाही. भारताचं तर आपल्यालाच पडलेलं नाही. आणि कॅमेरूनसाठी मात्र थंडीत कुडकुडतेय. कुठे आहे ते तरी माहीत आहे तुम्हाला?

राजाराम: आफ्रिकेच्या कुशीत कुठेतरी. नायजेरियाला लागून.

मीनाक्षी: मला काल ॲटलास काढावा लागला. अहो, थट्टा सोडा आणि नीट ऐका. यात मुलगा आहे.

राजाराम: कोण मुलगा?

मीनाक्षी: त्याचं नाव थिओडोर. दोनदा फोन आलाय. परवा मीच उचलला. म्हणाला, कृपा करून दीपाला सांगा, रविवारी सकाळी लवकर रेडिओ लावायचा.

राजाराम: बोलायला कसा वाटला?

मीनाक्षी: अदबशीर. कुठला विचारलं, तर कॅमेरूनचा म्हणाला. मला मॅडम म्हणाला. आधी माझी तब्येत विचारली, मग तुमची.

राजाराम: मग चांगलाच आहे की.

मीनाक्षी: त्या अदबीचाच तर संशय येतो मला. तिच्या कॉलेजची मुलं नुसतं 'दीपा आहे?' एवढंच विचारतात. मुलीच्या आईची तब्येत कोण विचारतं?

राजाराम: जावई.

मीनाक्षी: हसू नका. आता दुसरं ऐका. मंडळाच्या दिवाळीत प्रतिमाच्या डॉक्टर नवऱ्याला हिनं कोपऱ्यात गाठलं. मला प्रतिमानं नंतर सांगितलं. मलेरियाच्या गोळ्या कधीपासून सुरू करायच्या, असं विचारत होती.

राजाराम: अगं, म्हणजे भारतात जायचं असेल तिच्या मनात. आपल्याला न सांगता तिकीट काढून तुला चकित करणार असेल.

मीनाक्षी: मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी खूशही झाले. मग प्रतिमा म्हणाली, यलो फीव्हरच्या लसीचंही विचारलं. भारतात जायला यलो फीव्हरची लस लागते का? तो तिला त्याच्या आईवडिलांना भेटवायला नेतोय.

राजाराम: तू फार लांब गेलीस.

मीनाक्षी: मी लांब गेले? आणि अक्कलदाढा?

राजाराम: त्यांचं काय?

मीनाक्षी: चारही काढून आली. एकही दुखत नव्हती. मी डेंटिस्टच्या बाईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्या मुलीनंच आग्रह धरला.

राजाराम: आता याचा मुलाशी काय संबंध? लग्न करायच्या आधी अक्कल काढून टाकावी लागते, असं म्हणतेस का?

मीनाक्षी: संबंध मलाही लागत नाहीये, म्हणून तर झोप लागत नाहीये. हातात मेडिकलची ॲडमिशन आहे, राजाराम. क्लीव्हलंडची. इथून दोन तासांवर. ऑगस्टमध्ये सुरू होणार. मी सांगलीला माहेरी कळवून बसले, मंडळात पेढे वाटून बसले. आणि आता ही कोणासाठी तरी त्यावर पाणी सोडणार असेल, तर मला आधी कळायला हवं.

राजाराम: तू मला नावानं हाक मारलीस म्हणजे प्रकरण गंभीर आहे. बरं, एक विचारू? तो थिओडोर सोलापूरचा असता, तर एवढीच भीती वाटली असती?

मीनाक्षी: माझं त्याच्या रंगाबद्दल काही म्हणणं नाही.

राजाराम: मी रंगाचं नावही काढलं नव्हतं.

मीनाक्षी: मग आहे असं समजा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? प्रतिमाच्या मुलानं, अनिलनं, गोरी मुलगी केली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. आपली कॅमेरूनचा घेऊन आली तर तेच लोक पेढा तोंडात धरून माझ्याकडे बघत बसतील. मला ते सोसणार नाही, आणि सोसणार नाही याची लाजही वाटते. झालं समाधान?

राजाराम: झालं. ती उठली बघ. इकडेच येतेय.

मीनाक्षी: ओट्याकडे चला. चहा टाकतोय असं दाखवा.

(मागचं काचेचं दार सरकवून दीपा आत येते, काखेत रेडिओ, हातमोजे दातांत.)

दीपा: ओ गॉड, हात फ्रीझ झाले. चहा आहे? हाफ टाइम झालाय. पंधरा मिनिटं आहेत.

राजाराम: ठेवतोच आहे. कोण पुढे आहे?

दीपा: कॅमेरूनच. गेल्या महिन्यात स्वतःच्या घरी टू-झीरो जिंकले होते ना, ते पण यात धरतात. एक मॅच आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, मग दोन्हींचे गोल ॲड करायचे. फक्त आज फार गोल खायचे नाहीत. बाबा, अख्ख्या आफ्रिकेला वर्ल्ड कपमध्ये दोन जागा आहेत. फक्त दोन. एक शुक्रवारी इजिप्तनं घेतली. ही शेवटची.

राजाराम: एवढे देश आणि जागा दोन? तुमच्या मेडिकलपेक्षा कठीण आहे हे.

मीनाक्षी: थिओडोर कोण आहे?

दीपा: काय?

मीनाक्षी: माझ्या तब्येतीची चौकशी करणारा थिओडोर. कोण आहे तो?

दीपा: आई. यू थिंक... आई, तो बाबांपेक्षा मोठा आहे. त्याला पाच मुलं आहेत. लायब्ररीत मला फ्रेंच बोलायला शिकवतो, दर ट्यूजडेला. त्याची बायकोपण तिथेच बसलेली असते, स्वेटर विणत.

राजाराम: घे. संपलं. मीनाक्षी, साखर किती घालू?

मीनाक्षी: काही संपलेलं नाही. तू शाळेत चार वर्षं फ्रेंच शिकलीस, आता आणखी कशाला? यलो फीव्हर कशाला? न दुखणाऱ्या दाढा कशाला काढल्यास? यात कोणी मुलगा आहे म्हणालीस तरी मला चालेल, दीपा. पण काय ते सांग.

दीपा: मी थँक्सगिव्हिंगला सांगणार होते. सगळे बसलेले असताना, नीट.

मीनाक्षी: आत्ता आम्ही दोघं बसलेले आहोत.

दीपा: दाढा त्यांना काढून हव्या असतात. जिथे पाठवतात तिथे डेंटिस्ट नसतो, म्हणून. पीस कोर, आई. मी पीस कोरला अप्लाय केलं होतं आणि त्यांनी मला घेतलंय. कॅमेरूनला. एका गावातल्या हायस्कूलमध्ये बायॉलॉजी शिकवायची, फ्रेंचमध्ये. जूनमध्ये जायचंय.

राजाराम: जूनमध्ये.

दीपा: बाबा, तुम्हाला पीस कोर माहीत आहे ना? अमेरिकन गव्हर्नमेंट पाठवतं, कॉलेज झालेल्या लोकांना, शिकवायला, शेतीला, दवाखान्यात...

राजाराम: माहीत आहे. मी कॉलेजात असताना आमच्या गावी एक आला होता. वर्ध्याजवळ. उंच, लाल कानांचा. कोंबड्या शास्त्रीय पद्धतीनं कशा पाळायच्या ते शिकवायला. सगळे त्याला हेर म्हणायचे.

दीपा: कोंबड्यांचा स्पाय?

राजाराम: तेच मी म्हणायचो. पण लोकांना पटेना. शिकलेला माणूस एवढं सोन्यासारखं घर सोडून आपल्या उन्हात कोंबड्या मोजायला येईलच का, म्हणायचे. काहीतरी दुसरं असणार. मग त्याला टायफॉइड झाला, तेव्हा माझ्या आईनं त्याला महिनाभर पेज पाजली. त्यानंतर कोणी हेर म्हटलं नाही.

मीनाक्षी: आणि हिला कोण पेज पाजणार?

दीपा: कोणीतरी पाजेल ना, आई. आजीनं पाजली तशी.

मीनाक्षी: तुझी आजी गेली होती का परक्या गावी कोणाच्या भरवशावर? ती आपल्या घरात होती. आणि क्लीव्हलंड?

दीपा: मी त्यांच्याशी बोलले. एक वर्ष जागा ठेवतील. त्याच्यापुढे नाही. मला परत अप्लाय करावं लागेल.

मीनाक्षी: परत मिळेल याची खात्री?

दीपा: नाही. खात्री नाही.

मीनाक्षी: बघा, किती सहज म्हणते. लोक त्या एका जागेसाठी जीव टाकतात.

दीपा: सहज नाही म्हटलं. मी तीन महिने झोपले नाहीये. तुम्ही दोघं पडद्याच्या फटीतून बघता तेव्हा मला वाटायचं, आताच जाऊन सांगावं. आणि तुझं ते सांगलीला कळवलेलं, ते पेढे... मला भीती वाटायची, आई. तुझी.

राजाराम: आणि हे फुटबॉल? ते काय परीक्षेला आहे?

दीपा: थिओडोर म्हणाला, तिथे तुला कोणी डिग्री विचारणार नाही. जून-जुलैत वर्ल्ड कप आहे, मी पोचेन तेव्हा सगळं गाव तेच बोलत असेल. मुलं पहिल्या दिवशी विचारतील, आपण ट्युनिशियात जिंकलो तेव्हा मिस, तुम्ही कुठे होतात? मला सांगायचंय की मी ऐकत होते. ओहायोत, बॅकयार्डमध्ये, बाबांचा कोट घालून. म्हणजे मग मी त्यांना एकदम बाहेरची वाटणार नाही.

राजाराम: आणि हरले तर?

दीपा: तरी ऐकत होते असंच सांगेन.

मीनाक्षी: यात कोणी मुलगाच असता तर बरं झालं असतं.

राजाराम: मीनाक्षी.

मीनाक्षी: खरंच सांगते. मुलाला घरी जेवायला बोलावलं असतं, उलटतपासणी घेतली असती, चार दिवस रडले असते आणि मग लग्नाची साडी घेतली असती. या सरकारी माणसांना मी काय विचारू? तिला एकटीला कुठल्या गावात टाकणार, रात्री दाराला कडी आहे का, पाणी उकळून देतात का? आणि यात अजून काही लपवलेलं नाही, हे मी कशावरून मानू? तीन महिने तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस.

दीपा: आता काही लपवलेलं नाही. विचार ना, काय वाटेल ते विचार. शाळेच्या आवारातच घर आहे. शेजारी हेडमास्तरांची फॅमिली आहे. महिन्यातून एकदा मोठ्या गावाला जाऊन तुला फोन करीन.

मीनाक्षी: महिन्यातून एकदा.

दीपा: आई, हे कायमचं नाहीये. तू असं बघतेस जसं काही मी... लिसन. दोन वर्षं आहेत. ओन्ली टू इयर्स. मग मी परत येणार, मेडिकल करणार, सगळं तू म्हणतेस तसं.

मीनाक्षी: अहो, ऐकलंत?

राजाराम: ऐकलं.

मीनाक्षी: मग बोला ना काहीतरी.

राजाराम: मी काय बोलू? कोणत्या तोंडानं बोलू?

दीपा: काय झालं? बाबा, व्हॉट इज इट?

राजाराम: काही नाही गं. मी इथे फेलोशिपवर आलो, ती फेलोशिपही दोनच वर्षांची होती.

दीपा: सो?

मीनाक्षी: सांताक्रूझ विमानतळावर माझी आई कठड्यापलीकडे उभी होती. मी तिला म्हटलं, दोनच वर्षं गं, ह्यांचं शिक्षण झालं की आलोच आम्ही. खोटं बोलत नव्हते. मलाही तसंच वाटत होतं. माझ्या सगळ्या सुती साड्या तिनं ट्रंकेत ठेवल्या होत्या, कडुनिंबाचा पाला घालून. आल्यावर लागतील म्हणून.

दीपा: पण तुमचं वेगळं होतं. मी खरंच येणार आहे, आई.

राजाराम: दीपा, चहा घे. निवतोय.

दीपा: सेकंड हाफ सुरू झाला असेल. आई... मी जाऊ?

मीनाक्षी: जा. टोपी घालून जा. आणि दोन वर्षं असं मला पुन्हा सांगू नकोस. माझ्या आईनं विश्वास ठेवला होता.