मॅडमचं च्युइंगम

२०२२ सालचा मे महिना, ऐन उन्हाळा. तारनाक्याला एका स्कूटरचं हँडल माझ्या पोटावर आदळलं आणि आतडं फाटलं. सरकारी दवाखान्यातल्या प्रोफेसर मॅडमनी ऑपरेशन करून मला वाचवलं. मी कुणाचे उपकार ठेवत नाही. शुद्धीवर आल्यावर विचारलं, "कसं फेडू?"

मॅडम म्हणाल्या, "मेरे रिसर्च में आ जाओ, चाचा. च्युइंगम चबाने से आँतें जल्दी चलतीं क्या, वो देख रही हूँ."

मी हो म्हणालो. या वयात टपोरी पोरांसारखं च्युइंगम चघळत पडलो. तेही चाललं असतं. पण शिकाऊ डॉक्टर येता-जाता मोठ्यानं विचारायचे, "चाचा, गॅस पास हुआ?" सून शेजारी बसलेली. मी भिंतीकडे तोंड फिरवायचो, ते कागदावर 'नाही' लिहायचे.

तिसऱ्या दिवशी मॅडमच्या वरचे मोठे साहेब आले. कागद बघून हसले. "मॅडम, आपका च्युइंगम तो फेल हो गया. अब तक कुछ नहीं."

मॅडमचा चेहरा उतरला. सून हळूच म्हणाली, "मामंजी, काल दुपारी तर…"

"तू गप बस," मी म्हणालो. मग उठून बसलो आणि साहेबांना सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "फेल कायकू? कल दोपहर कू हुआ. बाजूवाले कू पूछो."

बाजूच्या खाटेवरचा म्हणाला, "हौ साब, मैं तो नींद से उठके बैठ गया."

मॅडमनी लिहून घेतलं. उपकार फिटले.