लाँचची किल्ली पाण्यात गेली त्याबद्दल

धक्क्यावर मला सगळे लाँचवाली म्हणतात. वय एक्केचाळीस, धंदा प्रवासी लाँच चालवणे, राहणार धक्क्यामागे, थोरल्या बहिणीच्या घरी, माडीवरची खोली. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

लाँच माझ्या दाजींची आहे, तक्रारही त्यांचीच आहे. आज सकाळच्या फेरीला धुके दाट होते. पाणी कुठे संपते नि आभाळ कुठे लागते, काही कळत नव्हते. प्रवासी पेंगत होते. खाडीच्या मध्यावर मागून कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखे ऐकू आले. मी इंजिन बंद करून मागे गेले. समुद्रगाय होती. लाँच थांबल्यावर तिचे पिल्लू आमच्या लाँचच्या पाण्याखालच्या पंख्याशी आले आणि त्याला लागूनच झोपले. आईच्या पाठीवर कुठल्यातरी लाँचच्या पंख्याचे जुने वण होते.

प्रवासी उठून मागे बघायला आले. एका आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रडणारे तान्हे बाळसुद्धा गप्प झाले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, घड्याळ बघायचे सुचलेच नाही. पिल्लाच्या नाकपुड्या उघडत होत्या, मिटत होत्या. खरे सांगते साहेब, इतके बरे मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

दाजी पुढच्या बाकावर आडवे झाले होते. ते उठून आले. म्हणाले, "अगं, मुक्काम करायचाय का इथे? चालू कर. आवाज झाला की पळतील आपोआप."

मी म्हणाले, "दाजी, पिल्लू गाढ झोपलंय. पंखा फिरला की चिंध्या होतील त्याच्या."

"तू लाँच चालवतेस की पाळणा हलवतेस?"

लोक हसले. मलाही हसू आले. दाजी किल्लीकडे निघाले, तेव्हा मी आधी पोचून ती काढली आणि पाण्यात टाकली.

धुके विरल्यावर दुसरी लाँच आली आणि तिने आम्हाला दोराने ओढत नेले. तोवर मायलेकरे सावकाश निघून गेली होती.

बहीण बाहेर बाकावर बसली आहे. मघाशी म्हणाली, "किल्ली निसटली म्हण गं बाई. हे ऐकतील. नाहीतर लाँचही जाईल नि खोलीही. मी तरी किती वेळा मध्ये पडू?" तिचे काही चुकत नाही. मला भीती वाटते. हवालदारसाहेबांनीही तेच सुचवले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात किल्ली निसटली असे आले होते. ते मी खोडायला लावले आणि "टाकली" असे लिहवून घेतले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे. खोडलेल्या जागी वेगळी सही केली आहे.