पहिल्या पानावरची मोकळी जागा

आणि वर विचारतात काय, तर 'ही जागा रिकामी का?' अहो, जागा रिकामी ठेवली म्हणजे काय गुन्हा झाला? पण घाटकोपरच्या माणसाला मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी लावावंसंच वाटतं, स्कूटर नाहीतर फोटो! तुम्हाला सांगतो, आमच्या गावाचं मुंबई मंडळ, इथेच भटवाडीत रविवारी बैठक, आणि आमचा सेक्रेटरी नंदकिशोर, त्याची मुलगी प्रांजल मंडळाची वेबसाइट करत होती, तीही फुकट! बँकेतली नोकरी सोडून पोरगी डिझाइन करते, आणि नंदा चारचौघांत सांगतो काय, "कॉम्प्युटरमध्ये आहे." डिझाइन म्हणायला त्याची जीभच वळत नाही! निघताना ती म्हणाली, "बाबा, आज बैठकीत तुम्ही गप्प बसलात ना, तर मी माझं काम तुम्हाला परत कधी दाखवणार नाही."

बैठकीत टीव्हीवर वेबसाइटचं पहिलं पान लागलं... काय सांगू! गावची खाडी, एक होडी, मंडळाचं नाव आणि बाकी नुसतं आभाळ. नंदाला वाटलं, आपण गावच्या बंदरावरच उभे आहोत. तेवढ्यात उपाध्यक्ष चंद्रप्रकाश, "छान आहे गं, पण ही जागा रिकामी का? इथे पदाधिकारी बसव!" बॅनरवर बसवतात तसे हो, हात जोडलेले, गॉगलवाले! खजिनदार विद्याधर, "माझा फोटो जरा मोठा घे, देणग्या मी आणतो." मग सल्लागार, माजी सल्लागार... प्रांजल बिचारी समजावतेय, "काका, डोळ्यांना विसावा लागतो, माणूस आधी काय बघेल ते ठरवावं लागतं." सगळे एकदम, "आधी अध्यक्षांना बघेल!" झालं! होडी गेली, खाडी गेली विद्याधरच्या जाकिटामागे, कोपऱ्यात आभाळाचा एवढासा तुकडा उरला, तर त्याच्यावरही बोट, "ही जागा रिकामी का? अरे, सेक्रेटरी राहिला! नंदा, फोटो दे!"

पोरीने बापाकडे पाहिलं. नंदाच्या मोबाइलमध्ये फोटो तयार होता हो, सफारीतला, खास काढून घेतलेला! जन्मभर राबलाय तो मंडळासाठी. त्याने घसा खाकरला, "माझा नको. तेवढी जागा मोकळीच ठेवा. माझ्या मुलीने... डिझाइन केलंय ते." प्रांजलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

मग बाकीच्यांनी आपापले फोटो काढून टाकायला सांगितले? छे हो, एक माणूस जागचा हलेल तर शपथ! आज वेबसाइटवर झाडून सगळे आहेत, राबणारा तेवढा नाही, आणि गावाहून फोनवर फोन, "नंदा, तुका मंडळातसून काढल्यानी काय रे?" आता ह्या माणसाला काय म्हणायचं तुम्हीच सांगा, तो छाती फुगवून प्रत्येकाला सांगतोय, "नाय रे! कोपऱ्यात मोकळी जागा दिसता मां? ती माझ्या चेडवान, प्रांजलान केल्यान!"