चाकांवरच्या घरातला दिवा

आई : दार कशाला उघडं टाकतेस? गार वारा येतोय.

लेक : येऊ दे. आधी तू गाडीतून खाली उतर. डोकं कधीपासून दुखतंय?

आई : उद्या ही गाडी विकायची म्हणालीस ना, तेव्हापासून.

लेक : थट्टा नको, आई. जनरेटर खिडकीखाली कोणी आणला?

आई : मीच. ओढत आणला. हाडं शाबूत आहेत अजून.

लेक : अगं, त्याचा धूर आत येतो! त्यातल्या विषाला ना रंग, ना वास. माणूस बसल्या जागी जातो. आणि छताला लावलेला विषारी वायूचा अलार्म गप्प कसा?

आई : केकाटत होता मेला, तुझ्या आत्यासारखा. सेल काढले नि ह्यांच्या रेडिओत घातले.

लेक : आई!

आई : ओरडू नकोस. उतरले बघ. झालं समाधान?

लेक : इथे मोकळ्यावर बस. डोकं दुखायचं थांबलं नाही तर सरळ दवाखान्यात. बाबा जनरेटर कुठे ठेवायचे, विसरलीस?

आई : विसरेन कशी? पार त्या कुंपणाइतका लांब. धुराचं तोंड पलीकडे, मध्ये ही लांबलचक वायर. ह्या गाडीतून फिरताना जिथे मुक्काम तिथे हेच. मी आत दिवा लावून बसलेली आणि हे स्टूल टाकून यंत्राच्या राखणीला. मी म्हणायची, त्याच्याशीच लग्न लावायचं होतंत!

लेक : मग आज जवळ का आणलास?

आई : हे गेले. उद्या गाडीही जाईल. म्हटलं, एक संध्याकाळ तरी तो आवाज जवळून ऐकावा. जन्मभर लांबूनच ऐकला.

लेक : हा बघ, बंद केला. निवला की कुंपणापाशी नेते. वायर कुठाय?

आई : पलंगाखालच्या खणात. सगळी उलगड हो, गुंडाळी तशीच ठेवलीस तर तापते. हे तर माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकून गेलेत.

(थोड्या वेळाने कुंपणाकडून जनरेटरची घरघर.)

लेक : सेल परत घातले. आतली हवाही मोकळी झाली. डोकं?

आई : उतरलं.

लेक : आणि आवाज? येतोय ऐकू?

आई : येतोय. अगदी तस्साच.

लेक : चल, अंगण ओलांडून घरात जाऊ. गाडीतला दिवा घालवते.

आई : राहू दे गं. माणूस बाहेर बसलंय नि आपण दिवा घालवायचा?