धरायला पाठवलेली

नाही हो मॅडम, भांडायला नाही आले — शिट्टी तुमचीच बरोबर होती, मी कुठे नाही म्हणते? मागून जर्सी धरली माझ्या पोरीनं, बॉल हातभर लांब होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. पहिल्यांदा धरलं तेव्हा तुम्ही स्वतःचं मनगट धरून हात वर केलेत — मुद्दाम केलेला फाउल, त्यांना दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांनाच. कार्टीनं पुन्हा तेच केलं — दोनदा झालं की मॅचच्या बाहेर, नियम म्हणजे नियम. पण आता चेंजिंग रूमची कडी लावून बसलीय, मी हाक मारली की नळ सोडते. म्हणते, पुन्हा बॉलला हात लावणार नाही. तुम्ही जरा बोला ना तिच्याशी. म्हणावं, खेळात होतं असं, तू वाईट मुलगी नाहीस. माझं नाही ऐकत, तुमचं ऐकेल.

मुद्दाम? मुद्दामच — पण तिच्या मनानं नाही हो. घरात झुरळ दिसलं तर धाकट्याला हाक मारते ती. अख्खा सीझन बाकावर काढला — अंगानं थोराड, पळायला मंद, आम्ही लाडानं रणगाडा म्हणतो, म्हणजे म्हणायचो, आता कुठल्या तोंडानं म्हणणार? आज कोचनी उठवलं तर आम्ही टाळ्या वाजवल्या, तिचे बाबा तर उभे राहून. तिला वाटलं, आपलीही वेळ आली. आणि काम काय? समोरची पोरगी सुटून एकटी बास्केटकडे निघाली की धरायचं. बास. चांगल्या खेळाडूला कोण वाईट करतं? असल्या कामाला बाकावरचीच लागते.

मला कसं माहीत? दिसतंच की — नाही, म्हणजे — कोच बोलले होते. मीच गेले होते त्यांच्याकडे, पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं, म्हटलं एकदा तरी उतरवा, पोर आतल्या आत कुढतेय. ते म्हणाले, उतरवतो, पण फाउल करायलाच उतरवीन, चालेल? मला काय कळतंय त्यातलं — कळत होतं थोडं, खोटं कशाला बोलू — मी म्हटलं, चालेल. तिला अजून वाटतंय, तिचा खेळ बघून घेतलं.

मी सांगू तिला? काय सांगू, तुझ्या आईनंच — असं बघू नका हो. नको, राहू द्या. आता तिनं विचारलं, मला का उतरवलं, तर तुम्हाला खोटं बोलता यायचं नाही. निघा तुम्ही.